तुमच्या तक्त्यात आमच्या घरासाठी रकाना नाही

मा. शालेय शिक्षणमंत्री, मा. शिक्षण आयुक्त, आमचे गटशिक्षणाधिकारी, आणि निवडणूक आली की आमच्या ओट्यावर मतं मागायला येणारे सगळ्या पक्षांचे उमेदवार यांना,

स. न. वि. वि.

पत्र सगळ्यांना मिळून लिहितेय, कारण एकेकट्याला विचारलं की प्रत्येक जण 'हे आमच्या हातात नाही, वर विचारा' म्हणतो. वर कोण बसलंय ते मला अजून कळलेलं नाही. म्हणून चारचौघांत विचारते.

मी माळकरी घरातली. डी.एड. झालेली, नोकरी न लागलेली. नवरा एमआयडीसीत फिटर आहे. इंद्रायणीच्या खोऱ्यात, आळंदीपासून मोटारसायकलवर अर्ध्या तासावर आमची वाडी. मुलगी बारा वर्षांची, मुलगा आठ वर्षांचा. दोघांचंही नाव शाळेत नाही. घरी शिकतात, मी शिकवते. हे वाचून ज्यांच्या कपाळावर आठी पडली, त्यांनी लगेच कागद बाजूला ठेवू नये. तीच आठी माझ्या सासऱ्यांच्या कपाळावर पाच वर्षं आहे, आणि आम्ही रोज एका पंगतीला बसतो.

गेल्या जुलैतली गोष्ट. आषाढी होऊन आठवडा झाला होता, वारीत सुजलेले पाय अजून उतरले नव्हते. पाऊस लागलेला. माझी मैत्रीण छत्री मिटवून ओट्याच्या कडेला बसली, आत आली नाही. ती आमच्याच वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. पिशवीतून तिने शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाचा तक्ता काढला, भिजू नये म्हणून वर ओढणी धरली आणि माझ्या मुलांची नावं लिहिली. तिला विचारावी लागली नाहीत. थोरलीच्या बारशाला पाळण्याची दोरी तिनेच ओढली होती.

"कारण काय लिहू?" तिने विचारलं. मला नाही, कागदाला विचारल्यासारखं.

थोरली चहाचा कप घेऊन उभी होती. म्हणाली, "मावशी, लिही ना, घरी शिकते."

"तसा रकाना नाही गं बाळा."

स्थलांतर होतं, घरकाम होतं, भावंडं सांभाळणं होतं, आजारपण होतं. शेवटी 'इतर' होतं, तिथे तिने खूण केली. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा दुगुणीत, चौगुणीत मोजता मोजता जिला अपूर्णांक कळले, ती माझी पोर सरकारदरबारी 'इतर' झाली. चहा तसाच निवला.

ही मैत्रीण कोण, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही डी.एड.ला एका बाकावर. २०१० च्या शिक्षक भरतीच्या सीईटीत ती लागली, मी थोडक्यात राहिले. 'पुढच्या वर्षी' म्हणत राहिले आणि भरतीच बंद पडली. अभियोग्यता चाचणी निघाली तेव्हा २०१७ चा डिसेंबर उजाडला होता आणि माझ्या कडेवर मूल होतं. माझ्यासारख्या डी.एड. झालेल्या बाया या जिल्ह्यात गल्लोगल्ली सापडतील. कुणी शिवणकाम करते, कुणी कंपनीत पॅकिंगला जाते. मी पोरं शिकवते, फक्त स्वतःची. मैत्रिणीने मात्र खरी नोकरी केली. ४ जुलै २०१५ ला राज्यभर एका दिवसात सर्वेक्षण झालं, तेव्हा ती वीटभट्ट्यांवर पोरांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावत फिरली होती. रात्री माझ्याकडे येऊन रडली. एका भट्टीवरच्या पोराने शाई लागल्यावर विचारलं होतं, "आता उद्यापासून शाळा ना?" भट्टी आठवड्याने उठली.

तेव्हा शाळाबाह्य मूल म्हणजे काय, ते तिला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ऊसतोडीला जाणारं, भट्टीवर चिखल तुडवणारं, तेराव्या-चौदाव्या वर्षी बोहल्यावर उभं केलेलं मूल. तुमचा तक्ता त्यांच्यासाठी आहे आणि तो तसाच कडक राहावा. कायद्याला इतकं मोठं भगदाड पाडा की माझी मुलगी त्यातून सुटेल आणि तिच्यामागून ऊसतोड्याची मुलगी खाली पडेल, असं मी मागत नाहीये. हे आधीच लिहून ठेवते, कारण माझ्या बाजूने बोलणारे लोक नेमकं हेच विसरतात.

घरी शिकवायचं कसं ठरलं? ठरलं असं नाहीच. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. घरात मोबाइल एक, तो नवऱ्याबरोबर कंपनीत. मी बालभारतीची पुस्तकं घेऊन ओट्यावर बसले. गल्लीतली चार पोरं आली. शाळा उघडल्या, ती चार गेली. आमची थोरली मात्र म्हणाली, आई, आपलं असंच चालू दे. सात वर्षांच्या पोरीच्या म्हणण्यावर कुणी निर्णय घेतं का, असं सासरे म्हणाले. बरोबर म्हणाले. पण तिचं वाचन त्या दीड वर्षात जे झरझर व्हायला लागलं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

आणि धर्म हेही कारण आहे, लपवत नाही. आमच्याकडे दिवस मावळला की हरिपाठ होतो, ज्येष्ठात घर पालखीबरोबर निघतं आणि आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर चालतं. शाळा १५ जूनला भरतात. म्हणजे नवं पुस्तक हातात येतं न येतं तोवर आमची मुलं दिंडीत. थोरली शाळेत होती तेव्हा खोटा आजार लिहून द्यावा लागे. ते मला नको होतं. शिक्षणाशी आमचं वैर मात्र कधीच नव्हतं. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली ती शिकवण्यासाठीच. माझ्या घरात गणित, विज्ञान, इतिहास तुमच्याच पुस्तकातून चालतो. उत्क्रांतीचं पान मी फाडलेलं नाही.

लोक मला मुंबईच्या त्या मुलीचं उदाहरण देतात, शाळा सोडून घरी शिकली, संगणकाच्या ऑलिम्पियाडमध्ये पदकं मिळवली आणि २०१६ साली थेट अमेरिकेत एमआयटीला गेली. कौतुकच आहे. आमची थोरली मात्र सतराच्या पाढ्याला अजून अडखळते. ती साधी मुलगी आहे, आणि नियम साध्या मुलींसाठीच लागतो. हुशारांना वाट सापडतेच.

आता तक्रारी.

पहिली तक्रार रकान्याची, ती सांगून झाली. राज्यघटनेत सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाची संधी देणं हे आईबापाचं कर्तव्य लिहिलं आहे. शब्द 'शिक्षण' आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १० मध्ये मात्र मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणं हे कर्तव्य आहे. 'शिक्षण' आणि 'शाळा' या दोन शब्दांमध्ये जी फट आहे, तिच्यात आमचं घर आहे. केंद्राने २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात, घरी शिकवायला हा कायदा आड येत नाही, असं प्रतिज्ञापत्र दिलं आणि नंतर भूमिका बदलली. कायद्यात पालकांना शिक्षाही नाही आणि परवानगीही नाही. मग आमच्यासारख्यांनी करायचं काय? गुपचूप राहायचं. मला गुपचूप राहणं जमत नाही.

दुसरी तक्रार जरा लाजिरवाणी आहे. मी चौकशीला गेले तेव्हा मला तीन वेगवेगळ्या ठिकाणी, तीन वेगवेगळ्या माणसांनी एकच सल्ला दिला. एखाद्या खासगी शाळेत नाव टाकून ठेवा, फी भरा, पोरीला पाठवू नका, हजेरीचं ते बघतात. एकाने तर रक्कमही सांगितली. सल्ला देताना कुणालाच संकोच वाटला नाही. उलट ही बाई एवढं साधं का समजून घेत नाही, असा चेहरा होता. माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. माळ घालताना जे मोजकं कबूल केलं, त्यात खोटं न बोलणं येतं. हजेरीपटावर दोनशे दिवस 'उपस्थित' लिहून घ्यायचं आणि संध्याकाळी पोरीला मांडीशी घेऊन हरिपाठ म्हणायचा, हे माझ्याच्याने होणार नाही. पण विचार करा, तुमची व्यवस्था खोटं लिहिणाऱ्या आईला 'नियमित' म्हणते आणि खरं सांगणारीला सर्वेक्षणाच्या तक्त्यात टाकते.

तिसरी खो-खोची. थोरली रोज संध्याकाळी गावातल्या माध्यमिक विद्यालयाच्या पोरींबरोबर खेळते. पोल मारण्यात तिचा हात कुणी धरत नाही. तालुक्याच्या शालेय स्पर्धेआधी त्यांच्याकडे नववी खेळाडू नव्हती. एकीला गोवर निघाला होता. पोरी आमच्या दारात आल्या, "काकू, हिला द्या." क्रीडाशिक्षकही तयार होते. पण ओळखपत्र हवं, त्यावर शाळेच्या पटावरचा क्रमांक हवा. थोरली दोरी धरून कडेला उभी राहिली, टाळ्या वाजवून आली आणि घरी आल्यावर दोन दिवस पखवाजाला हात लावला नाही. शिष्यवृत्ती परीक्षेचंही तेच, अर्ज शाळेच्या लॉगिनमधूनच भरायचा. राज्य मुक्त विद्यालय मंडळ तुम्ही २०१७ साली काढलंत, त्याची पाचवीची, आठवीची, दहावीची परीक्षा आहे, त्याबद्दल आभार. पण दोन परीक्षांच्या मधली दोन-तीन वर्षं मूल कोण आहे, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

चौथी तक्रार राजकारणाची आहे आणि ती उमेदवारांनी नीट वाचावी.

गेल्या वर्षी हिंदीचा गोंधळ झाला. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा, जूनच्या १७ ला शुद्धिपत्रक, २९ ला सगळंच मागे. त्या अडीच महिन्यांत गावात जो तो शिक्षणतज्ज्ञ झाला. एका पक्षाचे कार्यकर्ते माझ्याकडे आले. म्हणाले, वहिनी, तुम्ही संस्कारांसाठी पोरं शाळेतून काढलीत, आमच्या मेळाव्यात दोन शब्द बोला, फ्लेक्सवर फोटो लावतो. मी म्हटलं, मी कुणाविरुद्ध काढलेली नाहीत. ते म्हणाले, तसं आम्ही बघून घेऊ. मी नको म्हटलं. तरी फ्लेक्स लागला. फोटो नव्हता, पण 'आपल्याच वाडीतील माता' असं लिहिलेलं. वाडीत माता किती असणार?

तीन दिवसांनी दुसऱ्या बाजूच्या एकाने मोबाइलवर लिहिलं, सावित्रीच्या लेकीला घरात डांबलं. हे मला लागलं. पुण्यात १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडताना ज्या बाईने शेणगोटे झेलले, तिच्या नावाने मला जाब विचारला तर माझ्याकडे तयार उत्तर नाही. मी शिकलेच तिच्यामुळे. रात्री दोन वाजता जाग येते तेव्हा जो प्रश्न समोर असतो तो हाच असतो, गटशिक्षणाधिकाऱ्यांचा नसतो. पण त्या लिहिणाऱ्याने माझ्या पोरीची एक वही पाहिलेली नव्हती. आणि त्या मजकुराखाली बदामाची खूण करणाऱ्यांत माझी मैत्रीण होती.

दिवाळीचा फराळ त्या वर्षी आमच्या दोन घरांत फिरला नाही. डी.एड.पासून पहिल्यांदा. घरातही तसंच. दीर एका पक्षाचे, माझा भाऊ दुसऱ्या. फ्लेक्सवरून दोघांची नात्याच्या ग्रुपवर जुंपली, दीर ग्रुप सोडून गेले, भाऊबीजेला भाऊ येऊन अर्ध्या तासात उठला. सासूबाई दोन इयत्ता शिकलेल्या, त्या एवढंच म्हणाल्या, "दिंडीत एकमेकांच्या पाया पडता आणि घरी आल्यावर गचांडी धरता." वर्षानुवर्षं शेजारी बसून जेवलेली माणसं एका फ्लेक्सवरून तुटतात, आणि तो लावणारा निवडणूक झाली की दुसऱ्या पक्षात जातो.

मैत्रीण परत आली ती जानेवारीत. भांडायलाच आली होती. हातात पटाचा कागद. पहिली ते पाचवी, पट एकोणीस. "वीसच्या आतल्या शाळांचं काय करतात, तुला माहीत आहे ना? तुझा धाकटा असता तर वीस झाला असता." एवढं बोलून ती बसली आणि यावेळी आत बसली.

मंत्रिमहोदय, मला त्यावर बोलता आलं नाही. वीसपेक्षा कमी पटाच्या साडेचौदा हजारांवर शाळा राज्यात होत्या, त्या समूह शाळांत, म्हणजे आसपासच्या शाळा एकत्र करून केलेल्या एका मोठ्या शाळेत, मिसळायचा घाट २०२३ मध्ये तुमच्याच खात्याने घातला होता. पटावरून शिक्षकांची पदं ठरवायच्या, म्हणजे संचमान्यतेच्या, मार्च २०२४ च्या निर्णयाने शिक्षकांच्या झोपा उडाल्या, त्या अजून उडालेल्याच आहेत. मैत्रिणीचं म्हणणं खोटं नव्हतं. माझ्या घराचा निर्णय माझ्या घरापुरता नाही, हे मला त्या एकोणीस आकड्याने शिकवलं. पण रोज सकाळी वाडीत तीन पिवळ्या बस येतात आणि तीसेक पोरं इंग्रजी शाळांना घेऊन जातात. त्यांच्या आयांना कुणी पट विचारत नाही. आणि भट्टीबरोबर दोन पोरं गेली की तिचा पट पुन्हा सतरा. वाडीची शाळा एका पोराच्या येण्याजाण्यावर जगावी-मरावी, असा नियम करणाऱ्याला आम्ही दोघी मिळून विचारतो, हा कोणता हिशेब?

दोघी मिळून, हे मुद्दाम लिहिलं. तिने त्या दिवशी मला आणखी एक विचारलं. "तुझी पोरं कुणाबरोबर डबा खातात? माझ्या वर्गात भट्टीवरचं पोर आहे, खाटकाची मुलगी आहे, माळकऱ्याचा मुलगा आहे. तुझ्या ओट्यावर कोण आहे?" ओट्यावर माझीच दोन होती. वारीत अठरापगड माणसं एका चुलीवर जेवतात, त्याचा आम्ही अभिमान सांगतो. ती वर्षातून अठरा-वीस दिवस. बाकीचं वर्ष? ही माझ्या शिकवण्यातली उणीव आहे, तिने दाखवली, मी मान्य केली. आता धाकटा मंगळवारी आणि शनिवारी तिच्या शाळेत जाऊन बसतो, डबा तिथेच खातो. बेकायदेशीरच म्हणा हवं तर. ती त्याला पटावर घेऊ शकत नाही आणि मी त्याला पूर्ण वेळ पाठवत नाही. तपासणीला साहेब आले की तो 'पाहुणा' असतो.

तर मागण्या, सरळ शब्दांत. घरी शिकणाऱ्या मुलांची वेगळी नोंद करा. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पालकाने सही करून जबाबदारी घ्यावी. त्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करा, आधी न सांगता आलात तरी चालेल. मूल शिकत नाही, कामाला लावलंय किंवा त्याचं लग्न ठरवलंय असं दिसलं तर नोंद रद्द करून त्याला शाळेत घाला, आणि हा नियम माझ्यापासून सुरू करा. नोंद झालेलं मूल जवळच्या जिल्हा परिषद शाळेला जोडा, म्हणजे त्याला ग्रंथालय, मैदान, शिष्यवृत्ती परीक्षा आणि खो-खो मिळेल. आणि ते पटात कसं धरायचं ते शिक्षकांना विचारून ठरवा. वयानुसार वर्गात प्रवेश द्यावा, असं कायद्याचं कलम ४ सांगतं, तरी शाळा आधी मागचा दाखला मागतात. त्याबद्दल एक स्पष्ट परिपत्रक काढा, कारण उद्या थोरली म्हणाली मला शाळेत जायचंय, तर मी तिला अडवणार नाही आणि तुम्हीही अडवू नये. घरी शिकणाऱ्या मुलांचं निमित्त करून वाडीवरची एकही शाळा बंद करू नका.

उमेदवारांना एकच. माझ्या मुलांचा, माझ्या माळेचा, माझ्या मैत्रिणीच्या शाळेचा फ्लेक्स लावू नका. ओट्यावर या, चहा घ्या, वर लिहिलेल्यातलं तुम्ही काय करणार ते सांगा.

थोरलीच्या वह्या कपाटाच्या खालच्या खणात आहेत. गणिताची हिरवी, विज्ञानाची तपकिरी, तिसऱ्या वहीत ती वारीच्या प्रत्येक मुक्कामाचं अंतर आणि रोजचा पाऊस लिहिते. कुणीही येऊन पाहावं. गुरुवारी नको, बाजार असतो. एकादशीला आलात तर भगर-आमटीवर भागवावं लागेल.

कळावे,
दोन मुलांची आई,
इंद्रायणीकाठची एक वाडी

ता. क. पत्र मैत्रिणीने वाचलं आहे. शुद्धलेखनाच्या सात चुका काढल्या. 'बेकायदेशीरच म्हणा हवं तर' हे वाक्य गाळ म्हणाली, तिची नोकरी आहे. मी गाळणारच होते, तर तीच म्हणाली, राहू दे.